पडण्याचा हक्क

बर्फ केवळ मासळीच्या पेटीत पाहणाऱ्या आम्हा गोमंतकीयांना फिगर स्केटिंगमधील वाद परका वाटेल. पण तो समजण्याजोगा आहे. अवघड उडी घेऊन पडण्याचा धोका पत्करावा, की बेताच्या उड्या बिनचूक घेऊन पदक पदरात पाडावे? २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या लायसाचेकने चार गिरक्यांची एकही उडी न घेता सुवर्णपदक मिळविले. तशी उडी साधलेला रशियाचा प्लुशेंको १.३१ गुणांनी मागे पडला व जाहीरपणे रुसला. आमच्या मते रुसण्याचे कारण नव्हते. नियमांच्या चौकटीत राहून जिंकणे हा काही गुन्हा नव्हे.

तथापि, २०२२ साली बीजिंगमध्ये जपानच्या हान्यूने स्पर्धेत कोणालाच न साधलेली साडेचार गिरक्यांची उडी घेतली, तो पडला आणि चौथा आला, तेव्हा त्याला अविचारी म्हणण्यास जीभ धजत नाही. दोन ऑलिंपिक सुवर्णपदके त्याच्या गाठीशी होती. डाव त्याचा स्वतःचा होता. त्याच वर्षी सप्टेंबरात अमेरिकेच्या मालिनिनने ती उडी साधली.

प्रशिक्षकांनी कोवळ्या मुलींना अशा उड्यांस जुंपणे ही मात्र निराळी गोष्ट. वरिष्ठ गटाची वयोमर्यादा १५ वरून १७ वर नेण्याचे आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२२ मध्ये ठरविले, ते उशिराच म्हणावे लागेल.