विश्लेषण : बंदरांचा जिल्हा महामार्गावर कसा आला? सिंधुदुर्गच्या साडेतीनशे वर्षांची गोष्ट

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने १२ किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत स्थान दिले. त्यातले दोन किल्ले, सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग, एकाच जिल्ह्यात आहेत. ज्या जिल्ह्याचे नावच एका जलदुर्गावरून पडले, त्या सिंधुदुर्गात आज रेल्वेने उतरणारा पर्यटक मात्र समुद्रापासून बराच आत उतरतो. जिल्ह्याचे मुख्यालय समुद्रकिनारी नाही आणि कोकण रेल्वेचे एकही स्थानक मालवण, वेंगुर्ले किंवा देवगड शहरात नाही. असे का झाले? समुद्राने मोठा केलेला हा मुलूख समुद्राकडे पाठ कधी फिरवून बसला?

सिंधुदुर्ग किल्ला का बांधला गेला?

सतराव्या शतकात कोकण किनाऱ्यावर पोर्तुगीज, डच, इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी अशा अनेक सत्ता होत्या. किनाऱ्यावर ताबा ठेवायचा तर आरमार हवे आणि आरमाराला सुरक्षित ठाणे हवे, हे शिवाजी महाराजांनी ओळखले. मालवणजवळच्या कुरटे बेटावर १६६४ मध्ये किल्ल्याचे काम सुरू झाले आणि १६६७ मध्ये ते पूर्ण झाले. बांधकामाची जबाबदारी हिरोजी इंदुलकर यांच्याकडे होती. किल्ल्याचे क्षेत्र सुमारे ४८ एकर आहे. चहूबाजूंनी खारे पाणी असूनही आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत.

त्याआधी इथे कोण होते?

डच. गोव्यातल्या पोर्तुगीजांची समुद्रात कोंडी करणाऱ्या डच जहाजांना जवळच एक ठिकाण हवे होते. आदिलशाहीच्या परवानगीने त्यांनी वेंगुर्ल्यात वखार उघडली. या वखारीचे पडके अवशेष आजही शहरात उभे आहेत. गोव्याच्या इतक्या जवळ असणे ही वेंगुर्ल्याची ताकद होती, पुढे तीच त्याची अडचण ठरली.

मराठा आरमाराचे काय झाले?

विजयदुर्ग हे आंग्र्यांच्या आरमाराचे मोठे ठाणे होते. तुळाजी आंग्रे आणि पेशवे यांच्यातले वैर विकोपाला गेले. १७५६ मध्ये अ‍ॅडमिरल वॉटसन आणि रॉबर्ट क्लाइव्ह यांच्या इंग्रज आरमाराने पेशव्यांच्या साथीने विजयदुर्गावर चाल केली. या लढाईत आंग्र्यांचे आरमार बंदरातच जळाले.

१७६५ मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्गही घेतला आणि त्याला 'फोर्ट ऑगस्टस' असे नाव दिले. पुढच्याच वर्षी तो कोल्हापूरकरांना परत मिळाला. मात्र १८१२ मध्ये मालवण कोल्हापूरकरांकडून आणि वेंगुर्ले सावंतवाडीकरांकडून इंग्रजांकडे गेले. १८१८ मध्ये विजयदुर्गही पडला.

मग जिल्ह्याचे दोन तुकडे का झाले?

किनाऱ्यावरची बंदरे थेट ब्रिटिश अमलाखाली गेली, तर सावंतवाडी, कुडाळ हा आतला मुलूख सावंतवाडीच्या सावंत-भोसल्यांच्या संस्थानात राहिला. या संस्थानाने १८१९ मध्ये इंग्रजांचे वर्चस्व मान्य केले. म्हणजे एकाच बोलीच्या, एकाच जत्रेला जाणाऱ्या माणसांवर सव्वाशेहून अधिक वर्षे दोन वेगळी सरकारे होती. १९३० मध्ये वेंगुर्ले तालुक्यातल्या शिरोड्याच्या मिठागरांवर मिठाचा सत्याग्रह झाला, तो ब्रिटिश हद्दीत. सावंतवाडीत तेव्हा राजाचा अंमल होता. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि हे दोन्ही भाग रत्नागिरी जिल्ह्यात एकत्र आले.

बंदरे मागे कशी पडली?

याचे उत्तर रेल्वेत आहे. एकोणिसाव्या शतकात बेळगाव, धारवाडकडचा कापूस आणि इतर माल बैलगाड्यांनी घाट उतरून वेंगुर्ले बंदरात यायचा आणि तिथून जहाजांनी मुंबईला जायचा. त्यासाठी आंबोलीमार्गे गाडीरस्ता झाला. पण १८८० च्या दशकात गोव्यातले मुरगाव बंदर रेल्वेने घाटावरच्या मुलखाशी जोडले गेले. बैलगाडीने घाट उतरण्यापेक्षा डब्यात माल भरणे सोपे होते. व्यापार मुरगावकडे वळला आणि वेंगुर्ल्याच्या पेढ्या ओस पडू लागल्या.

माल गेला, माणसे का गेली?

डोंगराळ जमीन, शेताचे छोटे तुकडे आणि पावसावरची एकच भातशेती. मुंबईत गिरण्या उभ्या राहिल्या, तेव्हा कामगारांचा मोठा पुरवठा जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातून झाला. पुरुष मुंबईत, बायका-मुले आणि म्हातारी माणसे गावात, अशी घरांची रचना झाली. 'चाकरमानी' हा शब्द त्यातूनच रुळला. महिन्याच्या मनीऑर्डरीवर घर चालायचे, म्हणून कोकणच्या अर्थव्यवस्थेला 'मनीऑर्डर अर्थव्यवस्था' म्हटले गेले.

हा प्रवास बोटीने व्हायचा. मुंबईहून निघालेली बोट विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले करत जायची. खोल पाण्यात नांगर पडला की उतारू होडीतून किनाऱ्याला लागायचे. पावसाळ्यात ही वाहतूक बंद असे. रस्ते आणि एसटी वाढत गेली तशी बोट मागे पडली आणि अखेर बंद झाली. बंदराचे गाव जिल्ह्याच्या दारात होते, ते आता रस्त्याच्या शेवटच्या टोकाला आले.

वेगळा जिल्हा कधी झाला?

१ मे १९८१ रोजी. तेव्हा बॅ. ए. आर. अंतुले मुख्यमंत्री होते. सावंतवाडीच्या माणसाला कचेरीतल्या एका कागदासाठी दीडशे किलोमीटरहून दूर रत्नागिरी गाठावी लागत असे. नव्या जिल्ह्याला किल्ल्याचे नाव मिळाले, पण मुख्यालय कणकवली आणि कुडाळच्या मधे, महामार्गालगतच्या ओरोसला झाले. तेच आजचे सिंधुदुर्गनगरी. सगळ्या तालुक्यांना मध्यवर्ती म्हणून ही जागा सोयीची होती. त्यातून एक गोष्ट मात्र उघड झाली, जिल्ह्याचा कणा आता किनारा नसून रस्ता होता.

जिल्हा झाल्यावर वर्षभरातच, जानेवारी १९८२ मध्ये मुंबईत गिरणी संप सुरू झाला. त्यानंतर अनेक गिरण्या कायमच्या बंद पडल्या आणि मनीऑर्डरीचा मोठा आधार तुटला.

कोकण रेल्वेने काय बदलले?

कोकण रेल्वेसाठी बॅ. नाथ पै, प्रा. मधु दंडवते यांच्यासारख्या इथल्या खासदारांनी वर्षानुवर्षे आवाज उठवला. १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले आणि २६ जानेवारी १९९८ पासून संपूर्ण मार्ग सुरू झाला. मुंबई एका रात्रीवर आली. पण मार्ग आतून गेल्याने कणकवली, कुडाळसारखी महामार्गालगतची गावे वाढली. मालवण, वेंगुर्ले, देवगडला जाणाऱ्याला स्थानकावर उतरून पुन्हा एसटी किंवा रिक्षा शोधावी लागते.

लोकसंख्या खरंच कमी झाली?

हो. २००१ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती, २०११ मध्ये ती ८,४९,६५१ झाली. म्हणजे दहा वर्षांत १९ हजारांहून अधिक घट. त्या दशकात राज्यात अशी घट झालेले इतर जिल्हे दोनच, रत्नागिरी आणि मुंबई शहर. २०११ मध्ये इथे दर हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया होत्या. हा आकडा अनेकदा कौतुकाने सांगितला जातो. पण कामासाठी बाहेर गेलेले पुरुष हेही त्यामागचे एक मोठे कारण आहे.

आता समुद्र परत आधार देईल?

१९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. तारकर्लीचे स्कुबा डायव्हिंग, देवगडचा हापूस, वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने दिलेले काजूचे वाण आणि मासेमारी यांवर अनेक घरे चालतात. ऑक्टोबर २०२१ मध्ये वेंगुर्ले तालुक्यात चिपी विमानतळ सुरू झाला. विमानफेऱ्यांच्या सातत्याचा प्रश्न मात्र वारंवार पुढे येतो.

पर्यटनाचे काम हंगामी असते. पावसाळ्यात समुद्र बंद, किल्ल्याची होडी बंद. चार महिने रिकामे गेले तर तरुण पुन्हा मुंबई, पुणे किंवा गोव्याची वाट धरतो. त्यामुळे युनेस्कोच्या यादीतल्या नावाने पर्यटक किती वाढले, यापेक्षा वर्षभराचे काम किती घरांना मिळाले, हा प्रश्न इथे महत्त्वाचा आहे.

त्याचे पहिले उत्तर आगामी जनगणनेत मिळेल. गणपतीला दरवर्षी उघडणाऱ्या घरांपैकी किती घरे गणपती गेल्यावरही उघडी राहतात, ते त्या आकड्यांत दिसेल.