एका अंशाची किंमत

इंदूरच्या राजेंद्रनगरातून थोडं पुढे गेलं की राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र लागतं. तिथलं इंडस-२ हे यंत्र १७२.५ मीटर परिघाच्या कड्यात इलेक्ट्रॉन तासन्‌तास फिरवत ठेवतं. वळताना त्यांच्यातून निघणाऱ्या प्रकाशावर देशभरातले संशोधक प्रयोग करतात. फिरताना खर्ची पडलेली ऊर्जा इलेक्ट्रॉनांना परत मिळते ती ५०५.८ मेगाहर्ट्‌झवर चालणाऱ्या तांब्याच्या पोकळ्यांतून. तांबं तापलं की प्रसरण पावतं. पोकळी मोकळी सोडली, तर एका अंशाने तिची वारंवारता साडेआठ किलोहर्ट्‌झच्या आसपास उतरेल. म्हणून तिला थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या तापमानावर अखंड नजर लागते. हा भार एकाच मोठ्या संगणकावर टाकलेला नाही. उपकरणांच्या जवळ छोटे संगणक आपापला कोपरा सांभाळतात आणि नियंत्रणकक्षाला खबर देत राहतात.

हीच रचना माळव्यातल्या बटाट्यालाही हवी, असं मला मनापासून वाटतं.

महू-इंदूर पट्ट्यातला बटाटा चिप्ससाठी नावाजलेला. जानेवारी ते मार्चमध्ये निघालेला माल कोल्ड स्टोरेजमध्ये जातो. बियाण्याचा बटाटा २ ते ४ अंशांवर ठेवतात. चिप्सचा तिथे ठेवला तर त्यातल्या स्टार्चची साखर होते आणि चकती तळताना काळपट पडते. त्याला १० ते १२ अंशच लागतात. त्यात बटाटा श्वास घेतो, स्वतः उष्णता सोडतो. त्यामुळे दाराजवळचा थर्मामीटर ११ दाखवत असताना थप्पीच्या पोटात १४ असू शकतात. एका थर्मामीटरवर हंगाम सोडणं म्हणजे शेतकऱ्याच्या मालाशी खेळ आहे.

डीएस१८बी२० नावाचा स्वस्त सेन्सर इथे कामाला येतो. प्रत्येकाला ६४ बिटांचा स्वतंत्र क्रमांक असतो, त्यामुळे एकाच तारेवर अनेक ओवता येतात आणि रास्पबेरी पायसारखा तळहाताएवढा संगणक एकेकाला हाक मारून तापमान विचारतो. खरी कसोटी पुढे आहे. वीज जाऊन आली आणि नवं मोजमाप होण्याआधीच विचारलं, तर हा सेन्सर ८५ अंश सांगतो. ते त्याचं सुरुवातीचं ठरीव उत्तर आहे. भोळी आज्ञावली त्यावर विश्वास ठेवून कॉम्प्रेसर दामटवत राहील. शहाणी आज्ञावली म्हणेल, ११ वरून एका क्षणात ८५ होणं शक्य नाही. आकडा बाजूला ठेवून पुन्हा विचारेल आणि तरी तेच आलं तर माणसाला कळवेल. कॉम्प्रेसर सुरू करण्याचा आणि बंद करण्याचा अंशही वेगवेगळा हवा. दोन्ही ११ वरच ठेवले तर तो सारखा चालू-बंद होऊन लवकर निकामी होतो.

आणि हा निर्णय जागेवरच झाला पाहिजे. मोबाइलवर आलेख पाहणं सोयीचं आहे, पण इंटरनेट गेलं म्हणून थंडावा थांबता कामा नये. सेन्सर अर्ध्या अंशापर्यंत चुकू शकतो. तेव्हा माल भरण्याआधी थर्मासमध्ये बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी घ्यावं, जलरोधक आवरणातला एकेक सेन्सर त्यात बुडवून आकडा स्थिरावू द्यावा, आणि शून्यापासून जेवढा फरक पडेल तेवढा त्याच्या क्रमांकापुढे नोंदवून आज्ञावलीत दुरुस्त करावा.