जुन्या जीपच्या गिअरपेटीत सापडणारे सुटे धातुभाग : निदानाची रीत

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४१ ते १९४५ या वर्षांत, अमेरिकेत लाखोंच्या संख्येने तयार झालेल्या विलीज जीपच्या वंशातील गाड्या आजही चालू स्थितीत आढळतात. महाराष्ट्राशी तर या गाडीचा निकटचा संबंध आहे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने मुंबईत विलीज जीपच्या जुळणीस आरंभ केला व पुढे सीजे-३बी हा प्रकार येथे दीर्घकाळ तयार होत राहिला. अशा गाडीच्या गिअरपेटीतील तेल काढले किंवा वरचे झाकण उघडले असता तळाशी एखादा सुटा रोलर, पितळेचा तुकडा अथवा दाताचा टवका पडलेला दिसतो. हा भाग कोठला, तो केव्हा सुटला आणि त्यासह पेटी वापरणे सुरक्षित आहे काय, असे तीन प्रश्न त्यामुळे उपस्थित होतात. त्यांची उत्तरे केवळ तर्काने देऊन चालत नाही. सुटा तुकडा फिरत्या दातांच्या मध्ये सापडला तर दात तुटतात आणि बिडाची पेटी फुटूही शकते. उलटपक्षी, विनाकारण संपूर्ण पेटी सोडविल्यास जुन्या, दुर्मिळ भागांची हानी होण्याचा संभव असतो.

निदानास आरंभ करण्यापूर्वी पेटीची रचना ध्यानात घेतली पाहिजे. युद्धकालीन जीपमध्ये टी-८४ व नंतरच्या सीजे प्रकारांत टी-९० ही वॉर्नर बनावटीची पेटी असे. दोहोंतही पुढे जाण्याचे तीन व मागे जाण्याचा एक असे गिअर असतात. दुसऱ्या व तिसऱ्या गिअरसाठी सिंक्रोमेशची योजना आहे. पहिला व उलटा गिअर मात्र सरळ दातांचे चक्र शाफ्टवर सरकवून जुळवावा लागतो. इंजिनाकडून येणाऱ्या शाफ्टच्या पोकळ टोकात लहान रोलर बसविलेले असून त्यांवर मुख्य शाफ्टचे पुढचे टोक टेकते. तळाशी चक्रसमूह फिरतो. तो रचनेप्रमाणे सुईसारख्या रोलरांवर अथवा ब्राँझच्या बुशांवर बसतो व त्याच्या दोन्ही टोकांस वॉशर असतात. सिंक्रोमेशमध्ये पितळेची कडी, पोलादाच्या तीन लहान पट्ट्या व तारेच्या दोन स्प्रिंगा असतात. गिअर बदलणाऱ्या दांड्यांना जागी धरण्यासाठी गोळ्या व स्प्रिंगा, तर दोन दांड्या एकाच वेळी सरकू नयेत म्हणून त्यांच्यामध्ये एक लहान अडसर-खिळा योजिलेला असतो. पेटीच्या पाठीमागे चारही चाकांना शक्ती वाटणारी दुसरी पेटी जोडलेली असते. तिच्या मधल्या चक्रातही सुई-रोलर असतात. तात्पर्य, सुट्या भागाची उगमस्थाने अनेक असली तरी ती मोजता येण्याजोगी आहेत, आणि निदानाची सारी भिस्त या गोष्टीवर आहे.

पहिली पायरी पुरावा जतन करण्याची. तेल स्वच्छ भांड्यात, कापडातून गाळून घ्यावे. पेटी तत्काळ रॉकेलने धुऊन टाकू नये. तुकडा पुढच्या बाजूस होता की मागच्या, तळाच्या गाळात रुतलेला होता की गाळावर मोकळा पडलेला होता, याची नोंद करावी. गाळात खोल रुतलेला भाग बहुधा जुना असतो. यानंतर लोहचुंबक फिरवावा. त्यास चिकटणारी राखाडी, मऊ, चिखलासारखी भुकटी ही सामान्य झिजेची खूण होय. तिच्यामुळे चिंता करण्याचे कारण नाही. बोटास टोचणारे कण, पापुद्रे अथवा टवके मात्र विचारार्ह ठरतात. चुंबकास न चिकटणारा पिवळा धातू सिंक्रोमेशची कडी, बुश किंवा वॉशर यांपैकी एखाद्याचा असावा.

दुसरी पायरी ओळखीची. रोलर व अडसर-खिळा हे दोन्ही लहान, गोल व पोलादी असल्याने नुसत्या नजरेने फसगत होते. म्हणून लांबी व व्यास मायक्रोमीटरने मोजून त्यांची तुलना त्या त्या जागेवरील भागांशी करावी. दाताच्या टवक्यांत त्यांचे स्थान महत्त्वाचे. सरकत्या चक्राच्या दातांचे कोपरे उडाले असतील तर गाडी पूर्ण थांबण्यापूर्वी गिअर टाकण्याची सवय हे त्याचे कारण संभवते. दात मुळापासून गेला असेल तर भंगपृष्ठ भिंगाखाली पाहावे. शिंपल्यावरील वलयांसारख्या रेषा दिसल्या तर धातूच्या शिणवट्यामुळे तडा हळूहळू वाढत गेला असे समजावे; सर्व पृष्ठ एकसारखे दाणेदार व चकचकीत असेल तर एकाच जबर आघाताने दात तुटला असण्याची शक्यता अधिक.

तिसरी पायरी गणनेची. सुटा रोलर सापडला म्हणजे तो बेअरिंगमधून निसटला, असा निष्कर्ष तेवढ्यावरून काढता येत नाही. जुळणी करताना सुई-रोलर ग्रीझने चिकटवून बसवितात. शाफ्ट आत सारताना त्यांतील एखादा घरंगळून पेटीत पडणे ही नेहमीची घटना आहे. संच पूर्ण भरून एक रोलर जास्त उरत असेल, तर पूर्वीच्या एखाद्या कारागिराच्या हातून तो पडला व त्याने दुसरा बसविला, असे म्हणता येईल. संचात एक कमी असेल, तर ते बेअरिंग उघडून तपासल्यावाचून गत्यंतर नाही. कारण उरलेल्या रोलरांत फट पडून ते तिरपे होऊ लागतात. अडसर-खिळा आपल्या जागी नसेल तर प्रश्न अधिक गंभीर होय. अशा स्थितीत दोन गिअर एकदम जुळू शकतात. तसे झाल्यास मुख्य शाफ्ट जखडला जातो आणि क्लच दाबूनही चाके मोकळी होत नाहीत. घाटाच्या उतारावर याचा परिणाम काय होईल, हे सांगावयास नको.

चौथी पायरी काळाची. चक्रसमूह व पेटीचा तळ यांमधील फटीपेक्षा लहान असलेला भाग वर्षानुवर्षे निरुपद्रवी पडून राहू शकतो. त्याहून मोठा भाग दातांखाली आल्यावाचून राहत नाही. मग त्यावर चेपल्याच्या खुणा उमटतात व दातांवरही तशाच खुणा मिळतात. म्हणून मोठा परंतु बेदाग तुकडा नुकताच सुटलेला समजावा. कडा गुळगुळीत व पृष्ठ काळवंडलेले असल्यास तो जुना.

उदाहरणार्थ, तळाशी एक रोलर, तारेचा एक वाकडा तुकडा व तीन लहान टवके सापडले असे समजू. रोलरांचे सर्व संच पूर्ण भरतात. टवके पहिल्या गिअरच्या चक्राच्या कोपऱ्यांशी तंतोतंत जुळतात व त्यांच्या कडा झिजलेल्या आहेत. हे चार भाग जुन्या घटनांचे अवशेष ठरतात. तारेची भंगरेषा मात्र ताजी आहे आणि दुसरा गिअर घालताना खरखर होते. सिंक्रोमेशची स्प्रिंग तुटली असावी, हा तर्क दोन स्वतंत्र पुराव्यांवर उभा राहतो. तेव्हा पेटी तेवढ्यासाठी सोडविणे न्याय्य ठरते. एकाच पेटीत निरनिराळ्या काळांचे अवशेष एकत्र पडलेले असू शकतात. त्या सर्वांना एकाच बिघाडाचे कारण चिकटविणे, ही या कामातील सर्वांत नेहमीची चूक होय.

तेलाचाही विचार आवश्यक आहे. अतिदाबासाठी तीव्र गंधकयुक्त द्रव्ये मिसळलेली काही आधुनिक तेले पितळेच्या कड्यांस अपायकारक ठरू शकतात. पिवळे कण विपुल आढळल्यास कोणते तेल वापरले होते, हे प्रथम विचारावे.

सारांश, प्रत्येक तुकड्याचे मूळ स्थान दाखविता आले आणि प्रत्येक स्थानी योग्य भाग असल्याची खात्री झाली, म्हणजेच हिशेब पुरा झाला. एकही तुकडा निराधार उरला तर झाकण बंद करू नये. तो दुसऱ्या पेटीतून आला आहे काय, हे पाहावे; काही रचनांत दोन्ही पेट्यांचे तेल एकमेकींत जाते व त्याबरोबर लहान कणही जातात. तेथेही उगम न मिळाल्यास पेटी संपूर्ण सोडविणे हाच सुरक्षित मार्ग होय.