०.७५ कोणाला मोठं वाटतं?

०.७, ०.७५ आणि ०.३४८. यांतली सर्वांत मोठी संख्या कोणती?

पाचवी-सहावीतल्या एखाद्या मुलाने ०.३४८ असं उत्तर दिलं, की घरात लगेच निकाल लागतो: याला दशांश अपूर्णांक येत नाहीत. पण त्या मुलाने विचार केलेला असतो! दशांशचिन्हापुढे त्याला ३४८ दिसतात, आणि ३४८ हे ७५ पेक्षा मोठेच. पहिलीपासून ज्या नियमाने त्याला कधी दगा दिला नाही, तोच त्याने इथेही लावला. दुसरं मूल ०.७ म्हणतं. ही चूक मला फार लोभस वाटते. शतांश दशांशाहून लहान, सहस्रांश त्याहूनही लहान. मग जिच्यात नुसते दशांशच आहेत ती संख्या मोठी, असा त्याचा हिशेब. अर्धी गोष्ट त्याला अगदी पक्की कळलेली आहे.

आता प्रश्नात एवढाच बदल करा: ०.७५ च्या जागी ०.६५ घाला. सर्वांत मोठी संख्या ०.७. दुसऱ्या मुलाचं उत्तर एका क्षणात बरोबर ठरलं, त्याला पूर्ण गुण मिळाले, आणि डोक्यातला गैरसमज जसाच्या तसा राहिला! मेलबर्न विद्यापीठातल्या विकी स्टाइनली आणि के स्टेसी यांनी मुलांच्या अशा विचारपद्धतींचा कसून अभ्यास केला. संख्यांच्या जोड्या नीट निवडल्या, तर केवळ उत्तरांच्या नक्षीवरून मूल कसा विचार करतंय ते ओळखता येतं. चांगला प्रश्न तयार करणारा माणूस बरोबर उत्तरावर जेवढा विचार करतो, तेवढाच चुकीच्या पर्यायांवर करतो. १/२ + १/३ या गणिताखाली २/५ हा पर्याय उगाच आलेला नसतो. अंशात अंश आणि छेदात छेद मिळवणाऱ्या मुलासाठी तो मुद्दाम ठेवलेला असतो.

महाराष्ट्रात मुलांची अशा पर्यायी प्रश्नांशी पहिली मोठी गाठ बहुधा शिष्यवृत्ती परीक्षेत पडते. चौथी-सातवीची ही परीक्षा २०१६-१७ पासून मधली काही वर्षं पाचवी-आठवीला होती. एका पेपरात ७५ प्रश्न, १५० गुण आणि दीड तास. म्हणजे एका प्रश्नाला सरासरी ७२ सेकंद. उत्तरपत्रिका तपासणाऱ्या यंत्राला रंगवलेला गोल तेवढा दिसतो. २/५ निवडणारं मूल आणि अंदाजाने काहीतरी रंगवणारं मूल, दोघांनाही तिथे शून्यच.

घरच्या सरावात मात्र तसं होऊ द्यायची गरज नाही. राज्य परीक्षा परिषदेच्या संकेतस्थळावर जुन्या प्रश्नपत्रिका आणि उत्तरसूची मिळतात. बालभारतीच्या पुस्तकांतला क्यूआर कोड दीक्षा अॅपमधल्या साहित्याकडे नेतो, आणि सराव चाचण्यांची अॅप तर भरपूर आहेत. चाचणी संपली की पडद्यावर मोठ्या अक्षरांत गुण येतात आणि पालकांची नजर तिथेच थांबते. खरा ऐवज त्याखाली, चुकलेल्या प्रश्नांच्या यादीत आहे. मुलाने कोणता पर्याय निवडला ते तिथे बघा आणि शांतपणे विचारा, ‘हे कसं काढलंस?’ बरोबर आलेल्या दोन-तीन प्रश्नांनाही हेच विचारा, ०.७ वालं मूल तिथेच सापडतं.

सरावाच्या परीक्षेबद्दलची दुसरी गोष्ट तर मला अजूनच विलक्षण वाटते. २००६ साली अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचायला दिले. एक उतारा सूर्यावर होता, एक समुद्री पाणमांजरांवर. एका पद्धतीत उतारा दोनदा वाचायचा. दुसरीत एकदा वाचायचा आणि मग कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा दोनदा वाचलेलं जास्त आठवलं, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने चित्र उलटलं: दोनदा वाचलेलं ४२ टक्क्यांवर घसरलं, तर एकदा आठवून लिहिलेलं ५६ टक्के शिल्लक होतं. लिहिताना काय बरोबर, काय चूक हे त्यांना कोणी सांगितलंही नव्हतं. नुसतं आठवण्याच्या खटपटीनेच स्मरण घट्ट झालं!

म्हणून ऑनलाइन सराव करताना पर्याय तळहाताने झाका, मुलाला आधी उत्तर बोलू द्या आणि मग हात काढा. समोर दिसणारं उत्तर ओळखण्यापेक्षा न दिसणारं आठवायला डोकं जास्त चालवावं लागतं. एकाच प्रकारची वीस गणितं ओळीने सोडवण्यापेक्षा प्रकार मिसळा. परीक्षेत ‘हा लसाविचा प्रश्न आहे’ असं वर लिहिलेलं नसतं. आणि चुकलेला प्रश्न त्याच संध्याकाळी पुन्हा पुन्हा घोटण्यापेक्षा चार-पाच दिवसांनी आकडे बदलून विचारा.

शेवटच्या पंधरवड्यात मात्र मोबाइल बाजूला ठेवून ओएमआर उत्तरपत्रिकेची छापील प्रत आणा. पडद्यावर चुकीच्या ठिकाणी बोट पडलं तर पर्याय बदलता येतो, बॉलपेनने रंगवलेला गोल पुसता येत नाही. एक प्रश्न सोडून पुढे जाताना उत्तरपत्रिकेवरची ती ओळही सोडायची असते, हे दहा वर्षांच्या मुलाला करून बघितल्याशिवाय अंगवळणी पडत नाही. ७५ गोल रंगवायला त्याला किती मिनिटं लागतात ते एकदा घड्याळ लावून मोजा; ती मिनिटं त्या दीड तासातूनच काढायची असतात.