शिगेचा हिशेब

कोळवे, चिपटे, मापटे, शेर. प्रत्येक माप आधीच्याच्या दुप्पट, म्हणजे दोन चिपट्यांचे मापटे आणि दोन मापट्यांचा शेर. चार शेरांची पायली. इथवर दुपटीचा मेळ सरळ बसतो. मणाला मात्र कुठे बारा पायल्या, कुठे सोळा. खंडी वीस मणांची. त्यात मापी शेर वेगळा आणि ८० तोळ्यांचा वजनी शेर वेगळा. या गोंधळाचे सगळे खापर गावोगावच्या वेगळ्या मापांवर फोडले जाते. माझ्या मते खरी गोम भांड्यात नव्हती, भांड्याच्या काठावर होती.

धान्य काठापर्यंत आले की माप भरत नसे. वर शंकूसारखी रास चढली की ते शिगोशीग भरले. ही शीग किती, हे भांड्याचा घाट ठरवतो. धान्य साधारण तीस अंशांच्या उताराने थांबते असे धरू. उंची आणि व्यास सारखे असतील तर शीग आतल्या धान्याच्या दहाव्या हिश्शाजवळ जाते. तेवढाच ऐवज मावणारे, पण उंचीच्या दुप्पट व्यास असलेले भांडे घ्या, शीग जवळपास पाचवा हिस्सा होते. दोन्ही भांडी आत सारखेच धान्य घेतात, दोन्ही खरी. मग घेताना पसरट पायली शिगेने भरायची आणि देताना काठावरून हात फिरवून सपाट करायची, यात खोटे माप सापडणार कुठे? खळ्यावर पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणत. तो लाभ कोणाचा, हे हात फिरवणाराच ठरवी.

वजनाने हा प्रश्न सुटला, असे कोणी म्हणेल. बऱ्याच अंशी सुटला, हे कबूल. १९५६च्या केंद्रीय कायद्याने दशमान मापे आणली, धान्य किलोवर गेले, तराजूला शीग नसते. पण ओल्या धान्याचे वजन भरते, म्हणून ओलाव्याची कटती आली, आणि ती किती धरायची हा वाद तराजूपाशी उभाच राहतो. शिवाय माप म्हणजे नुसता अडाणीपणा नव्हता. चुरमुरे कित्येक आठवडी बाजारांत अजून मापाने विकतात, कारण हलक्या, फुगीर जिनसाला भांडे सोयीचे. तिथेही गिऱ्हाइकाची नजर काठावरच असते, आणि माप पिशवीत उलटले की वरून एक मूठ मागितली जाते.