पिन-पार्वतीची वाट : पूर्वतयारीचा ताळेबंद

हिमालयातील दीर्घ पदभ्रमण पायांच्या बळावर पूर्ण होते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः त्याचे यशापयश बरेचसे घरीच, नकाशा आणि वही समोर घेऊन बसल्यावर निश्चित होत असते. हिमाचल प्रदेशातील पिन-पार्वती खिंडीची वाट हे याचे उत्तम उदाहरण होय.

कुलू जिल्ह्यातील हिरव्यागार पार्वती खोऱ्यातून निघून ही वाट ५,३१९ मीटर उंचीची खिंड ओलांडते आणि स्पितीच्या कोरड्या, उजाड पिन खोऱ्यात उतरते. बार्शैनीपासून मूद गावापर्यंतचे अंतर सुमारे शंभर किलोमीटर. खीरगंगेची उष्ण पाण्याची कुंडे मागे पडली की मूद येईपर्यंत वाटेत एकही गाव नाही. भेटलेच तर उन्हाळी कुरणांवर कळप घेऊन आलेले मेंढपाळ. जुलै ते सप्टेंबर हा येथील हंगाम; मात्र त्यातील पहिले दोन महिने पार्वती खोऱ्यात पावसाचे असतात आणि ओढे दुथडी भरून वाहतात. या खोऱ्यात एकट्याने गेलेले अनेक प्रवासी १९९० च्या दशकापासून बेपत्ता झाले आहेत. माहीतगार वाटाड्या सोबत घेणे येथे नितांत आवश्यक आहे.

उंचीचे गणित

बार्शैनी सुमारे २,२०० मीटरवर, तर मंतलाई सरोवर सुमारे ४,१०० मीटरवर आहे. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी, असा सर्वमान्य संकेत आहे. त्यानुसार मंतलाईला एक दिवस थांबून, खिंडीपूर्वी आणखी दोन मुक्काम करावे लागतात. अशी आखणी केली की संपूर्ण वाटेस दहा दिवस लागतात. विरळ हवेमुळे डोकेदुखी, मळमळ सुरू झाल्यास वर चढू नये. विश्रांतीच्या वेळीही धाप लागू लागली किंवा तोल जाऊ लागला, तर तात्काळ खाली उतरणे हाच उपाय. अशा वेळी हाताशी मोकळा दिवस नसेल, तर माणूस आजार लपवून पुढे चालू लागतो. म्हणून विश्रांतीचा दिवस ही चैन समजू नये.

शिध्याचा हिशेब

माणशी रोज ८०० ग्रॅम कोरडा शिधा धरला आणि दहा दिवसांना दोन दिवस राखीव जोडले, तर एका व्यक्तीस ९.६ किलो लागतात; सहा जणांस ५७.६ किलो. एक हमाल वीस किलो वाहतो असे मानल्यास तीन हमाल पुरतील असे वाटते. परंतु हमालालाही जेवावे लागते. त्याच्या वीस किलोंपैकी ९.६ किलो त्याच्याच पोटासाठी खर्च होतात आणि इतरांसाठी १०.४ किलोच उरतात. परिणामी केवळ शिध्यासाठी तीन नव्हे, सहा हमाल लागतात. तंबू, दोर आणि इंधन यांचे ओझे वेगळेच. पाच हजार मीटरवर पाणी सुमारे ८३ अंश सेल्सिअसलाच उकळते, त्यामुळे डाळ-तांदळासाठी प्रेशर कुकरही न्यावा लागतो.

परतीची रेषा

या आराखड्यातील खरी मेख पुढेच आहे. आठव्या रात्री मुक्काम खिंडीखालच्या तळावर असतो आणि चार दिवसांचा शिधा शिल्लक राहतो. मूद तेथून दोन दिवसांवर, तर मागे फिरल्यास बार्शैनी चार दिवसांवर. खराब हवामानात एक दिवस जरी थांबले, तरी परतीला पुरेल एवढे अन्न उरत नाही. मग बर्फातील भेगा दिसोत वा न दिसोत, खिंड ओलांडण्याची सक्ती होते. दोन दिवसांची राखीव तरतूद कागदावर पुरेशी दिसते. प्रत्यक्ष गरजेच्या वेळी ती अपुरी पडते.

यावर उपाय दोनच. एक तर राखीव शिधा चार दिवसांचा ठेवावा. त्यासाठी सहाऐवजी आठ हमाल घ्यावे लागतील. अन्यथा खिंडीखाली एकही दिवस वाट न पाहता मागे फिरण्याचे निघण्यापूर्वीच ठरवावे आणि सर्वांची त्यास संमती घ्यावी. थकल्या शरीराने, विरळ हवेत घेतलेला निर्णय क्वचितच शहाणपणाचा असतो.

सोबत्यांची जबाबदारी

हमालांचे बूट, उबदार कपडे, बर्फाचे चष्मे, विमा आणि मूदहून घरी पोहोचेपर्यंतची मजुरी यांची तरतूद खर्चाच्या पहिल्या पानावर असावी. स्वतःचा विमा घेताना किती उंचीपर्यंत संरक्षण मिळते, हे वाचून पाहावे. राष्ट्रीय उद्यानांतून जाण्यासाठी वनखात्याची परवानगी काढावी. परवानगीविना उपग्रह फोन वापरणे भारतात बेकायदेशीर आहे. म्हणून मुक्कामांची यादी, परतीची तारीख आणि शोध कधी सुरू करावा याची सूचना घरच्या विश्वासू व्यक्तीकडे लेखी ठेवावी. ही तारीख मात्र दहाव्या दिवसाची न देता राखीव दिवस धरूनच द्यावी.