उन्हातलं पोर्ट्रेट: साज पांढरा पडला तर अल्बम विकायचा कसा?



प्री-वेडिंग आणि लग्नाच्या फोटोंचा व्यवसाय सुरू करताय? मग हा विषय पक्का करा. उन्हातल्या फोटोत नवरीचं कपाळ, कोल्हापुरी साज आणि शालूची जर पांढरीफटक पडते. म्हणजे गिऱ्हाइकाने ज्यावर सगळ्यात जास्त पैसे घातलेत, नेमकं तेच फोटोतून गायब!

असं का होतं? जेपीईजी फोटोत लाल, हिरवा, निळा या प्रत्येक रंगाची पातळी ० ते २५५ असते. तिन्ही २५५ ला टेकले की तिथे नुसता पांढरा डाग उरतो. सावलीतला भाग नंतर बऱ्यापैकी उजळता येतो, पण डागातली नक्षी परत येत नाही. रॉमध्ये काढलं तर थोडी जास्त सवड मिळते, पण तिलाही मर्यादा आहेच. म्हणून उन्हात एक्स्पोजर उजळ भाग बघूनच ठरवा.

वेळ: मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दुपारी साडेबाराच्या सुमारास कोल्हापुरात सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. कपाळ आणि नाक चमकतं, डोळ्यांखाली काळं पडतं. अशा वेळी जोडप्याला झाडाच्या दाट सावलीत किंवा कमानीखाली घ्या. पानांतून कवडसे पडतात ती जागा टाळा.

जागा: रंकाळा चौपाटीवर संध्याकाळी तळं मागे घेतलं की सूर्य जोडप्याच्या पाठीशी येतो. चेहरा काळा दिसतो म्हणून एक्स्पोजर वाढवलं, की आकाश आणि पाणी पांढरं होतं. त्यापेक्षा आकाश सांभाळा आणि चेहऱ्यावर रिफ्लेक्टरने उजेड टाका. सुरुवातीला पांढरी थर्माकोल शीटसुद्धा चालते.

कॅमेरा: हायलाइट वॉर्निंग चालू ठेवा. चेहरा किंवा दागिना लुकलुकला तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे ०.३ पासून खाली आणत जा. लाल शालू असेल तर हिस्टोग्राममध्ये लाल रंग वेगळा बघा. बाकी सगळं ठीक दिसलं तरी लाल एकटाच आधी फुटतो आणि काठापदराचा पोत जातो. पाण्यावरची एखादी चमक पांढरी झाली तर चालतंय, तिथं अडून बसू नका.

आता धंद्याचं बोलू. "दुपारी एकलाच मोकळे आहोत," असं गिऱ्हाईक म्हणणारच. म्हणून कोटेशनमध्येच शूटची वेळ लिहा: सकाळी लवकर किंवा सूर्यास्ताआधीचा तास. कारणही दोन ओळींत सांगा. दुपारच घ्यावी लागली तर सावलीची जागा आणि रिफ्लेक्टर धरायला एक माणूस, त्याच्या मजुरीसकट, कोटेशनमध्ये धरा. नाहीतर ती मजुरी तुमच्या नफ्यातून जाते.

या रविवारी घरच्याच कुणालातरी पांढरा शर्ट घालून उन्हात उभं करा. एक्स्पोजर ०, उणे ०.३, उणे ०.७ आणि उणे १ ठेवून चार फोटो काढा. शर्टाची वीण कुठल्या फोटोत दिसायला लागते ते बघा. आपला कॅमेरा किती ऊन पेलतो, ते पहिली ऑर्डर घेण्याआधीच कळलेलं बरं!